कॉलेजमधल्या मुलामुलींची सुरक्षितता : उशीर कुठे होतो?

जून संपत आला की आमच्या भागातल्या कॉट बेसिसच्या खोल्या भरायला लागतात आणि दवाखान्यात नवे चेहरे दिसू लागतात. कुणी लातूरहून आलेलं, कुणी जळगावहून, कुणी रत्नागिरीहून. मेसच्या जेवणानं बिघडलेलं पोट, पावसात भिजून आलेला ताप, परीक्षेआधीची डोकेदुखी, अशीच बहुतेक दुखणी. पण दर वर्षी काही जण असेही येतात की तोंडानं सांगतात एक आणि झालेलं असतं दुसरंच.

दोनेक वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी एक मुलगी ॲसिडिटीची गोळी मागायला आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन दिवस तिला अन्न जात नव्हतं. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर केली, तर दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे निळसर वण. सोबतच्या मैत्रिणीला मी बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूहळू कळलं. शनिवारी रात्री ग्रुपमधल्याच एका मुलाच्या खोलीवर वाढदिवस होता. मैत्रिणीला तिनं रविवारी सकाळीच सगळं सांगितलं होतं. पण सोमवारी-मंगळवारी सबमिशन होतं, म्हणून दोघींनी ठरवलं की आधी तेवढं उरकू, मग बघू.

त्या चार दिवसांत बरंच काही हातचं गेलं होतं. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ टळली होती. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळीचा भरवसा कमी झाला होता. अंघोळ झाली होती, कपडे धुऊन वाळत घातले होते. मी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेले, जे उपचार शक्य होते ते झाले, सुदैवानं पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. पण तेव्हापासून कॉलेजच्या मुलांसमोर सुरक्षिततेवर बोलायची वेळ आली, की मी पेपर स्प्रेपासून सुरुवात करत नाही, घड्याळापासून करते.

<b>धोका बहुधा ओळखीतूनच येतो</b>

"रात्री एकटी फिरू नकोस, अनोळखी माणसाकडून काही खाऊ नकोस" हे घरच्यांचं सांगणं चुकीचं नाही, पण अपुरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. वर्गमित्र, क्लासचा सर, घरमालकाचा मुलगा, दूरचा दादा, जुना बॉयफ्रेंड. अनोळखी माणसाला आपण पटकन "नाही" म्हणतो. ओळखीच्या माणसाला "नाही" म्हणताना भीड आडवी येते आणि त्या भिडेचाच फायदा घेतला जातो.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. कुणाच्या खोलीवर किंवा फार्महाउसवर जाणार असाल, तर दोन जणांना पत्ता आणि परतायची वेळ कळवा, लोकेशन चालू ठेवा. परतीच्या रिक्षाचे पैसे आणि चार्ज केलेला फोन स्वतःजवळ असू द्या. "सोडतो ना मी" यावर रात्र काढू नका. मित्रमैत्रिणींत एक साधा शब्द ठरवा. "मेसचा डबा घेतलास का?" असा मेसेज आला की समोरच्यानं काहीही न विचारता फोन करायचा किंवा न्यायला जायचं. स्मार्टफोनमधली इमर्जन्सी एसओएसची सोय आजच चालू करून घ्या. ११२ हा क्रमांक देशभर कुठूनही लागतो.

आणखी एक सांगते, कारण हे प्रेमाच्या नावाखाली खपून जातं. तुमचा फोन रोज तपासणारा, पासवर्ड मागणारा, स्पष्ट "नाही" म्हटल्यावरही कॉलेजच्या गेटवर उभा राहणारा मुलगा पझेसिव्ह नसतो. मुलीनं नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणं किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

<b>"जरा झोपू दे, उतरेल"</b>

पार्टीत कुणी पेयात काही मिसळलं तर काय, हा प्रश्न मुली हमखास विचारतात. असे प्रकार होतात. झोपेची किंवा चिंतेवरची औषधं, केटामाइनसारखी भूल देणारी द्रव्यं वापरली जातात आणि बहुतेकांना चव किंवा वास जाणवत नाही. पण या कामी सर्वांत जास्त वापरलं जाणारं द्रव्य म्हणजे साधी दारूच. ज्यूसमध्ये नकळत घातलेली, किंवा "अजून एक घे ना" म्हणत पाजलेली.

एखादी मैत्रीण किंवा मित्र घेतलेल्या दारूच्या मानानं फारच लवकर लडखडायला लागला, जीभ जड झाली, मधलं काहीच आठवेना, तर शंका घ्या. तिला एकटीला खोलीत झोपवून बाहेर पार्टी चालू ठेवणं, ही माझ्या मते अशा रात्रीची सर्वांत मोठी चूक. बेशुद्ध माणसाला उताणं झोपवलं, की उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड किंचित खाली राहू द्या, आणि एकानं शेजारी बसून राहा. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याचा शॉवर, यांतल्या कशानंही दारू उतरत नाही.

यातली काही द्रव्यं १२ तासांच्या आतच लघवीतून नाहीशी होतात. त्यामुळे शंका असेल तर शक्यतो पहिल्या लघवीच्या आधीच रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात नमुना सीलबंद करून रीतसर पाठवतात, त्याला पुढे वजन राहतं. दारू प्यायलाबद्दल डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहू नका. आम्हाला ती माहिती लागते ती औषधं ठरवायला.

<b>लैंगिक अत्याचारानंतर</b>

पहिल्यांदा सुरक्षित जागी जा आणि विश्वासातल्या एका माणसाला सांगा. मग थेट रुग्णालय. आधी पोलीस ठाणं की आधी दवाखाना, असा पेच अनेकींना पडतो. थेट रुग्णालयात आलं तरी चालतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं अशा पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात. नकार देणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. "ही पोलीस केस आहे, आधी तक्रार घेऊन या" असं कुणी म्हणालं, तर हे कलम त्यांना सांगा.

शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ, धुणं, चूळ भरणं टाळा, कपडे बदलू नका. बदलले असतील तर न धुता कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा साठून पुरावा खराब होतो. आणि हे सगळं करून झालं असेल, तरीही या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, आणि जखमांची नोंद तर त्यानंतरही होते.

तपासणीच्या भीतीनं अनेक जणी येत नाहीत, म्हणून स्पष्टच लिहिते. तपासणीला तुमची संमती लागते. त्यातल्या एखाद्या भागाला "हो" आणि दुसऱ्याला "नाही" म्हणता येतं. 'टू फिंगर टेस्ट' हा अपमानास्पद प्रकार सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीचा ठरवला, आणि २०२२ मध्ये तो करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं बजावलं. पूर्वीचे संबंध होते की नव्हते, हे तपासणाऱ्या डॉक्टरनं लिहायचं नसतं.

आता औषधांकडे येऊ. एचआयव्ही टाळण्याचा कोर्स २८ दिवसांचा असतो, सरकारी रुग्णालयात मोफत मिळतो. ७२ तास ही त्याची शेवटची मर्यादा. पहिल्या काही तासांत सुरू केला तर जास्त उपयोग, म्हणून "अजून दोन दिवस आहेत" असा हिशेब करू नका. या गोळ्यांनी मळमळतं, थकवा येतो, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मुली त्या सोडून देतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, त्यावर उपाय असतो. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी ७२ तासांत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. ही गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. उशीर झाला असेल तर पाचव्या दिवसापर्यंत तांबी बसवण्याचा पर्याय असतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. शिवाय इतर लैंगिक आजारांवरची प्रतिजैविकं, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि लहानपणी घेतल्याची खात्री नसेल तर हेपटायटिस बीची लस. तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करायची. गर्भ राहिलाच, तर अत्याचारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची मुभा आहे. एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

पोलिसांचं काय? रुग्णालयाला घटना पोलिसांना कळवावी लागते. पण तक्रार नोंदवायची की नाही, हे १८ वर्षांवरची व्यक्ती स्वतः ठरवते. ती "आत्ता नको" म्हणाली तर तसं लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. १८ पूर्ण नसतील तर मात्र पॉक्सो कायदा लागतो आणि कळवणं प्रत्येकालाच बंधनकारक असतं, मलाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं यात येतात, म्हणून त्यांना मी ऐकायला सुरुवात करायच्या आधीच हे सांगते. नंतर सांगितलं, तर तो विश्वासघात वाटतो.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा असतो. पीडितेचं नाव छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, आणि त्यात कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुपही आला. कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. पोलिसांकडे मात्र उशिरा गेलं म्हणून दार बंद होत नाही.

<b>गळा दाबला गेला असेल तर</b>

हा मुद्दा आम्ही डॉक्टरसुद्धा पुष्कळदा विचारायला विसरतो. भांडणात, हॉस्टेलच्या मारामारीत, जोडीदाराच्या रागात किंवा अत्याचाराच्या वेळी गळा दाबला गेला, आणि नंतर माणूस चालता-बोलता असला, की सगळे म्हणतात, काही झालं नाही. मानेवर अनेकदा वणही नसतो. मानेतल्या मुख्य रक्तवाहिन्यांवर दाब आला की जेमतेम दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर तिथे गुठळी होऊन कित्येक दिवसांनीही पक्षाघात येऊ शकतो, अगदी विशीतल्या मुलीला.

आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, मानेत एका बाजूला दुखणं, त्या वेळी नकळत लघवी झालेली असणं, थोडा वेळ काही आठवत नसणं, यांतलं एक जरी असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. आणि "गळा दाबला होता" हे शब्द आपणहून सांगा.

<b>रॅगिंग आणि चहाच्या रंगाची लघवी</b>

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी प्राचार्यांवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. हे प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रामुळे मुलांना माहीत असतं. माहीत नसतं ते शरीराचं.

शेकडो उठाबशा काढायला लावणं हे बऱ्याच सिनियर मुलांना "त्यात काय, व्यायामच" असं वाटतं. २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलाला अशाच तीनशेहून अधिक उठाबशा काढायला लावल्या गेल्या आणि त्याला डायलिसिसवर ठेवावं लागलं. सवय नसताना अतिश्रम झाले की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं तुंबतात. एक ते तीन दिवसांत मांड्या कडक होतात, सुजतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. हे दिसलं तर थांबू नका, आणि अंगदुखीवर म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. सीपीके नावाची एक रक्ततपासणी केली की निदान होतं. वेळेवर सलाइन मिळालं तर बहुतेक वेळा मूत्रपिंडं वाचतात.

<b>फोनवरची धमकी</b>

"छातीत धडधडतंय, झोप येत नाही" म्हणून येणाऱ्या मुलग्यांमध्ये गेल्या काही वर्षांत हे कारण वरचेवर निघतं. रात्री अनोळखी प्रोफाइलवरून व्हिडिओ कॉल, दोन मिनिटांत रेकॉर्डिंग, आणि मग "पैसे दे, नाहीतर आईला पाठवतो". ईसीजी नॉर्मल असतो. पोरगं मात्र अर्धं झालेलं असतं.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतेच. घाबरून चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, नंबर, प्रोफाइलची लिंक आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो कुठेही अपलोड न करता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यात सामील असलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो रोखला जातो. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी आहे.

अशा मुलाला मी एक प्रश्न सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं येत नाही. उलट, बहुतेक जण सुटल्यासारखे रडतात. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

<b>मुलांवरही होतं</b>

हॉस्टेलमध्ये मुलग्यांवरही लैंगिक अत्याचार होतात, आणि ते मुलींपेक्षाही उशिरा येतात, किंवा येतच नाहीत. पॉक्सोमध्ये १८ वर्षांखालचे मुलगे येतात. प्रौढ पुरुषांच्या बाबतीत मात्र कायद्यात मोठी फट आहे: जुनं कलम ३७७ नव्या संहितेत घेतलेलंच नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत पुरुष पीडित बसत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. तरीही दुखापत, धमकी, डांबून ठेवणं, रॅगिंग याखाली तक्रार होते. आणि औषधांचे ७२ तास मुलग्यांनाही तसेच लागू असतात.

<b>सांगणाऱ्याचं ऐकताना</b>

"तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न घरचे विचारतात, पोलीस विचारतात, आणि कबूल करते, प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही विचारला आहे. टोकाच्या भीतीत शरीर लढतं किंवा पळतं, तसंच कधीकधी थिजतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे मेंदूकडून आपोआप होतं, त्यात इच्छेचा संबंध नाही. थिजणं म्हणजे संमती नव्हे. घटनेचा क्रम तुटक आठवणं, सांगताना हसू येणं किंवा चेहरा कोरा राहणं, हेही अशा धक्क्यात दिसतं. त्यावरून खरं-खोटं ठरवू नका.

मैत्रिणीनं सांगितलं, तर "मी आहे, आपण आत्ता डॉक्टरांकडे जाऊ" एवढं वाक्य पुरतं. सबमिशन राहू द्या. पालकांना माझी विनंती अशी, की मुलांना घर सोडताना एकदा तोंडानं सांगून ठेवा: काहीही झालं, चूक तुझी असली तरी, रात्री दोनला फोन केलास तरी आधी तुला घ्यायला येऊ. माझ्याकडे उशिरा आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं कारण एकच सांगितलं होतं, "घरी कळलं तर कॉलेज बंद करतील."

दवाखान्यात आल्यावर बाहेर काउंटरवर कारण सांगायची गरज नाही. "डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय" किंवा "एकट्यानं बोलायचंय", एवढंच म्हणा. माझ्याकडच्या काउंटरवरच्या मावशींना सांगून ठेवलंय, असं म्हणणाऱ्याचा नंबर आधी लावायचा, बाहेर कितीही गर्दी असली तरी.